पानात काही टाकायचं नाही

ग्रंथालयाचं कुलूप आज मी सातलाच काढलं.
एप्रिल लागला तरी तळं पांढरंच,
काठाकाठानं मात्र काळी रेघ उमटलीय,
कुणी पेन्सिलीनं समास आखावा तशी.

टेबलं जोडली. चादरी घातल्या.
फळ्यावर दरवर्षीचा नियम लिहिला:
पुस्तक खाण्याजोगं हवं
आणि पानात काही टाकायचं नाही.

पहिली आली विएनो, धापा टाकत.
हातात ‘सात विहिरींचा नकाशा’,
वेलदोड्याच्या पावाचा,
विहिरींत पिवळ्या रानबेरीचा मुरंबा.
एक विहीर बसमध्येच सांडली.
“मूळ पुस्तकातही एक आटतेच,” म्हणाली.
मी मान डोलावली. मी ते वाचलेलं नाही.

बँकेतल्या तार्मोचा शब्दकोश
ज्येष्ठमध आणि नवसागराचा, काळाकुट्ट, खारट.
एक तुकडा तोंडात टाका,
तासभर शब्द फुटणार नाही.

होदान चौथीत आहे.
तिच्या वडिलांनी लाटलेल्या पारीचं
तिनं त्रिकोणी पुस्तक केलं, आत तिखट खिमा.
“पुस्तकं चौकोनीच का?” तिनं तीनदा विचारलं.
तिन्ही वेळा मी चहा ओतत राहिले.

ओइवा आला तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती.
त्यानं बूट दाराशी काढले, टोपी खिशात कोंबली,
पिशवीतून एक तपकिरी, ओबडधोबड काहीतरी काढलं:
राय-पिठाच्या पातळ, कडक भाकऱ्या
एकीवर एक, दोऱ्यानं शिवलेल्या.
नाव नाही, चित्र नाही, साखर तर नाहीच.
“हे तुमचं,” तो म्हणाला. “शहात्तर सालचं.”

मला ते कार्ड माहीत होतं.
इथल्या प्रत्येक ग्रंथपालानं ते पुढचीला
किल्ल्यांबरोबर सोपवलंय.
‘बर्फातली घंटा’. ओइवा रौत्याला. परत नाही.

मग तो सांगत गेला, बहुतेक टेबलालाच.
भाऊ आणि तो जाळी बघायला गेले होते.
बर्फ फुटला. भावाला केसांना धरून ओढला
तो थेट बेटावर.
लाकडं ओली, काड्या चार,
आणि कोटाच्या आत कोरडं म्हणून एवढंच.
“वाचून झालेलं अर्धं आधी घातलं.
त्याचं काही वाटलं नाही.
उरलेलं मात्र...
आधीच्या पानाच्या उजेडात पुढचं वाचायचो,
मग तेही आत.
आन्सेल्मी दात वाजवत ओरडायचा, मोठ्यानं वाच की!”

उजाडेपर्यंत पुस्तक संपलं.
आन्सेल्मी जगला. तीस वर्षं बस चालवली.
सुरुवात त्याला कधी कळली नाही.
दर नाताळला विचारायचा,
ती घंटा मुळात बुडाली कशी?
“मी दर वेळी वेगळंच सांगायचो.
खरं सांगू? मीही विसरलो होतो.”
भाऊ मार्चमध्ये गेला. झोपेत,
पायात कोरडे मोजे.

खोलीत कुणी हललं नाही.
तार्मोच्या तोंडात शब्दकोश होता, तो तसाही गप्प.
मी कार्ड शोधायला खण ओढला,
तो नेहमीसारखा अर्ध्यात अडकला.
विएनोनं नाक पुसलं, सुरी उचलली, परत ठेवली.
असलं पुस्तक कापायचं कुठून?

होदाननं दोरा सोडला.
सगळ्यांत वरचं पान काढून
कडाकडा चावू लागली.
मग बाकीचेही सरसावले. लोणी फिरलं.
भाकरी जरा करपलेली होती,
एका कडेला धुराची चव.
“मीठ कमी पडलंय,” ओइवा म्हणाला.
खरंच कमी होतं.

“सुरुवात मी खाल्ली,” होदान भरल्या तोंडानं म्हणाली.

ओइवा तिच्यासमोरच्या बुटक्या खुर्चीत
कसाबसा बसला, गुडघे छातीशी.
“मग सांग बघू,
घंटा बुडाली कशी?”

तिनं एक बोट वर केलं.
थांबा, घास आहे.