उलटं कोरायचं असतं

विनिपेगच्या फॉर्मवर लिहून आले :
हिवाळा परदेशात.
नेरूळला वॉचमनने वहीत लिहिलं :
पाहुण्या. परदेश.
दोन्हींखाली सही माझीच.

सकाळी लिनोलियमचा तुकडा
गॅलरीतल्या उन्हात ठेवते.
तो मऊ पडेतो दुसरा चहा.
तिकडे हीटरवर धरावा लागायचा.
शाई मात्र इथे हट्टी,
खाडीची ओल पिऊन बसते.
दोरीवर चिमट्यांना लटकलेले अकरा बांगडे
तीन दिवस झाले
तरी बोटाला काळे लागतात.

प्रेस नाही.
लाटणं आहे, आणि वरणाचा डाव.
कागदावर त्याची पाठ घासत राहते
मनगट भरून येईतो.
काल वरणाला टर्पेंटाइनचा वास होता.
जेवले तशीच.

करावे गावातून चांगुणा भोईर येते,
टोपली उतरवून दोरीकडे बघते.
"तोंड चुकलं याचं.
पाटीत आम्ही इकडे करून लावतो."

मी समजावते :
कोरताना उलटं कोरायचं,
म्हणजे छापल्यावर सुलट येतं.

"मग कोरताना विसरल्यात."

विसरलेच होते.
तीस वर्षं हेच करतेय,
आणि बांगड्याचं तोंड
आठवणीवरून काढलं.

आज तिचाच एक मांडून घेतला समोर.
अर्धा कोरून झाला, मग तळला.

एकोणीस मार्चचं तिकीट आहे.
एवढे ओले कागद
बॅगेत कसे न्यायचे, विचारलं तिला.

म्हणाली, मीठ लावून बघा.