वजनगट

राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतून पाकीट येतं तेव्हा
मी आधी अक्षरं मोजतो, मग कीर्ती.
या खेपेला सतरा. आमच्या जॉर्जियन लिपीत
कोपरा असलेलं अक्षरच नाही,
वळणावर हात थबकला की दिसतो, कायमचा.

नाव मिंदियाचं. वय तेवीस.
शेवटच्या सहा सेकंदांत त्यानं
समोरच्या धिप्पाड गड्याला कमरेतून उचललं
आणि पाठ टेकवली. चीतपट.
देशाचा सर्वोच्च सन्मान, एका डावाला.
बायको म्हणाली, "कोर गपचूप. तुला कुणी विचारलंय?"

कुणी नाही. तिबिलिसीच्या या तळघरात
एकतीस वर्षं मला कुणी काही विचारलेलं नाही.
सेनापती कोरले, दोन कवी, एक गणिती
(तो मेल्यावर), आणि एक मंत्री, ज्याचं नाव
पुढे मलाच कानशीनं घासून काढावं लागलं.

खोटं कशाला बोलू, त्या रात्री मीही ओरडलो.
जिन्यातल्या सायकलीवरून
अकरा वर्षं अबोला धरलेल्या गिवीनं
मला मिठी मारली, बनियनला कांद्याचा वास.
सगळी इमारत एका छातीनं श्वास घेत होती.
हे काही थोडं नाही. कुठल्या गणितानं
कधी गिवीला माझ्या गळ्यात पाडलं?

तरी कोरणी हातात घेतली की
मला नोदर आठवतो.
त्र्याण्णवचा हिवाळा. शहरात वीज नाही,
पावासाठी पहाटे चारपासून रांग.
प्रसूतिगृहात अंधार, आत माझी बायको,
आणि डॉक्टरीणबाईंच्या हातात मेणबत्तीचं बूड.
नोदर वायरमन. बंद पडलेल्या ट्रॉलीबसच्या
खांबावर चढला, तार कापली,
बर्फातून ओढत नेली, मेट्रोच्या लाइनीला जोडली
आणि दिवा आणला.
एकच दिवा. पिवळा.
त्यात माझी लेक पहिल्यांदा दिसली,
निळी, मग लाल.
खाली कुणी टाळी वाजवली नाही.
बर्फ वितळल्यावर त्याला नोटीस आली:
सरकारी तांबं चोरल्याबद्दल दंड.

काल मिंदिया स्वतः आला, स्पेलिंग बघायला.
संघटनेच्या प्रशस्तिपत्रावर म्हणे चुकलं होतं,
आईनं ते भिंतीवर लावूच दिलं नाही.
दोन्ही कान मोडलेले, जर्दाळूसारखे.
बस म्हटलं तरी उभाच.
पदक तळहातावर घेऊन त्यानं तोललं,
पैलवान सगळंच तोलतो तसं.
"हलकं आहे," म्हणाला. मग हसून,
"कुठल्या वजनगटाचं?"

इथंच तर गोम आहे, पोरा, मी म्हटलं.
तुमच्यात सत्तावन्न किलोचा
सत्त्याण्णवच्या अंगावर कुणी सोडत नाही.
इथे सगळ्यांना एकच गादी,
आणि पंच गुण देतात
टीव्हीवर दिसेल त्यालाच.

तो रागावला नाही. बाकावरचा तांब्याचा तुकडा उचलला,
ज्यावर मी दर कामाआधी कोरणीची धार बघतो.
त्यावर एकच अक्षर, न, न, न,
तांदूळ सांडावेत तसं दाट.
"हे कोण?"
सांगितलं. ट्रॉलीबस, बर्फ, दंड, सगळं.
बराच वेळ गप्प राहिला.
मग विचारलं ते एखादा मल्लच विचारेल:
"वजन किती होतं त्यांचं?"

बासष्ट. त्या हिवाळ्यात त्याहून कमी.

"मग आमची गाठ पडलीच नसती,"
असं म्हणून त्यानं तुकडा
होता तिथेच ठेवला, दोन्ही हातांनी.

सतरातली चौदा अक्षरं झाली आहेत.
दिवा जवळ ओढून घेतलाय.
सोन्याचा कीस नियमाप्रमाणे
तोलून कचेरीत परत द्यायचा असतो.
तांब्याचा कुणी मागत नाही.