दोन चिठ्ठ्या

रात्री पावणेअकरा. शटर अर्धं खाली.
तामोरेबाई काउंटरवर दोन चिठ्ठ्या ठेवतात,
एक वरळी नाक्यावरच्या डॉक्टरची, एक परळच्या ओपीडीची.
दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नाही.

मी सांगतो : ही गुलाबी
घाईत येते, घाईत जाते,
जाताना दार आपटते,
म्हणून माणूस पुन्हा तिलाच बोलावतो.
ही पांढरी सावकाश येते,
पण परवाचीसुद्धा अजून रक्तात बसलेली असते, चहा पीत.
दोघी एका रात्री नकोत.
आणि क्वार्टर तर नकोच.

"क्वार्टर मी नाय देत, त्योच आनतो."
मग, पदर सारखा करत,
"काल घोरायचा बंद झाला.
मला बरं वाटलं."

माझी कात्री पट्टीवरच थांबते.

"मग?"
"मग हलवला. तीनदा.
बुडी मारलेला यावा तसा आला वर."

चारच गोळ्या कापतो, एकाच रंगाच्या.
दुसऱ्या चिठ्ठीमागे लिहितो : डॉक्टर, कृपया दोन्ही पाहा.
"सकाळी त्यांना घेऊनच जा. आज जाग्या राहा."
"रोजच की," म्हणतात त्या,
सुट्टे बारा रुपये विसरून निघतात.

शटर ओढतो.
वरच्या माळ्यावर कुणीतरी घोरतंय.
कुलूप हातात धरून
मी ऐकत राहतो.