अधूनमधून

सेलूहून फोन: जिनिंगचं प्रेस मधेच थांबायलंय.
कधी? तर कधीही.
दिवसातून तीनदा, मग चार दिवस नाही,
मग गठाण बांधता बांधता आकडा शून्यावर.
सटवाजी म्हणाला, सर, तुम्ही आलाव की
ते शहाण्यासारखं चालतंय बगा.

परभणीहून पॅसेंजरनं गेलो,
मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला ऑसिलोस्कोप.
पॅनल उघडलं तर सरकीचा वास,
बोर्डाला मिसरूड फुटावं तशी कापसाची लव.
ब्रशनं झाडली. तेवढ्यानं बरं होणारं दुखणं
मला अजून कोणी दिलेलं नाही.

पाच व्होल्ट: चार पूर्णांक नव्याण्णव. बरोबर.
क्लॉक: चौकोनी, धुतलेला, इस्त्री केलेला. बरोबर.
लॉजिक प्रोब टेकवत गेलो पायापायाला,
लाल म्हणजे एक, हिरवा म्हणजे शून्य,
सगळे पाय खरं बोलत होते
चारचौघांत बोलतात तसं.
ड्रायरनं तापवलं. फवाऱ्यानं गारठवलं.
स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं ठोकलं, कान देऊन.
काही नाही.
काबरा मुनीम दोनदा चहा घेऊन आले,
तिसऱ्यांदा नुसतेच आले.

हाश्मी सर शिकवायचे नांदेडच्या पॉलिटेक्निकला:
बिघाड शोधू नका, त्याची वेळ धरा.
मग सापळा लावला.
रिसेटच्या पायाला चिमटा,
पाऊण व्होल्टाखाली घसरलं की एकदाच टिपायचं,
तोवर पडदा कोरा.
बाहेर गाड्या रित्या होत होत्या,
तोंडाला फडकं बांधलेली एक बाई डोकावली,
टीव्ही हाय का हे?
म्हणालो, हो, पिक्चर सुरू व्हायचाय.

दुपार गेली. कोराच.
संध्याकाळी चिमटा काढला, पिशवी भरली,
दहा मिनिटांत प्रेस बंद.
लावला: चालू. तासभर चालू.
काढला: बंद.

तेव्हा कुठे उजेड पडला
की माझा चिमटाच त्याचं औषध होता.
प्रोबच्या पोटात असते इवलीशी साठवण,
दहा-बारा पिकोफॅरड,
तेवढ्यात तो काटा बुडून जात होता.
किंवा नुसतं वजनही असेल चिमट्याचं, देव जाणे.
पण हात ठेवला की जिथं दुखायचं थांबतं
दुखणं तिथंच असतं.

भिंगाखाली: रिसेटला वर ओढून धरणारा रेझिस्टर,
त्याच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर,
प्रेसच्या दणक्यांनी वर्षानुवर्षं हलवलेली.
मिटली की एक.
उघडली की ना एक, ना शून्य,
वाऱ्यावर सोडलेला पाय,
शेजारची मोटर खेकसली तरी
तिलाही ओ देणारा.

डाग दिला. राळेचा धूर नाकात.
मुनीम पावतीवर पेन टेकवून उभे:
गेला ना आता, कायमचा?
काय सांगू.
दिसला तर आहे म्हणता येतं.
नाही दिसला तर
फक्त नाही दिसला.
लिहून दिलं: महिनाभर बघा.

सेलूहून फोन नाही. आज बाविसावा दिवस.
मी मोजतोय
त्याच बोर्डावरच्या काउंटरसारखा,
एकेक आकडा पुढे,
कधीही शून्यावर यायची धास्ती घेऊन.