मुख्य विषय

हर्णैहून सव्वासातची एस.टी. पकडून
दापोलीला आले. मांडीवर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीत फॉर्म, फॉर्मवर एकच रकाना कोरा:
मुख्य विषय.

लेस्टरहून जैबूनखाला फोनवर म्हणाली होती,
इथे पोरं आधी कुठलीही पदवी घेतात,
मग डॉक्टरकीला बसतात. कुठलीही म्हणजे कुठलीही.
तिच्या गल्लीतला एक तर संगीत शिकलेला,
आता लोकांचे गुडघे बदलतो.
दोनदा नीट दिलीस, दोनदा यादी तुला ओलांडून गेली,
म्हणून काय दर्या आटला?

'कुठलीही' हा शब्द मोठा आहे, खाला.
ज्यांच्या घरात दोन खोल्या जास्तीच्या असतात
त्यांच्याकडेच तो मावतो.

औषधवाले जोगळेकर म्हणाले, प्राणिशास्त्र.
बेडूक ओळखीचा झाला की माणूस सोपा.
इलियास म्हणाला, मायक्रोबायोलॉजी घे,
नाहीच जमलं तर लॅब टाकू, नाक्यावर गाळा बघून ठेवलाय.
अम्मी काहीच म्हणाली नाही.
म्हाकूल साफ करत होती,
शाईची पिशवी न फोडता अलगद बाहेर काढत होती.
त्या हातांना कुणी कधी विषय विचारला नाही.

आणि बावा.
बावा बावीस वर्षं बर्फाच्या फॅक्टरीत,
अमोनियाच्या पाइपांना नावानिशी ओळखतो.
मी नऊ वर्षांची असताना
एका रात्री कुठलासा व्हॉल्व्ह सुटला.
दत्ताराम ओला टॉवेल तोंडाला बांधून आत शिरला
आणि बावाला ओढत पुळणीवर घेऊन आला.
डॉक्टर विचारत राहिले, किती वेळ गेला श्वासात?
किती वेळ? कुणालाच सांगता येईना.
मला एवढंच कळत होतं
की त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय
आणि तो रडत नाहीये.

तेव्हापासून बावा चढणीवर मध्येच उभा राहतो.
वर म्हणतो, थांबलो नाय गो, समुद्र बघतोय.

रांगेत मी हिशोब मांडला.
तीन वर्षं. मग परीक्षा, मग पैसे, मग व्हिसा,
मग आणखी चार वर्षं, तीही त्यांनी घेतलं तर.
मधला एखादा दरवाजा उघडलाच नाही
तर ज्या खोलीत अडकेन
ती खोली मला आवडायला हवी.

बर्फाविषयी बावा एकदाच काही बोललाय,
तेही लिलावाच्या गोंगाटात,
सुरमईवर फावड्याने चुरा ओढता ओढता:
बर्फ मासळीला वाचवत नाय.
गिऱ्हाईक येईस्तोवर धरून ठेवतो, बस.
पुढे कुठल्याही दवाखान्यात
सलाइनची बाटली टांगलेली दिसली
की मला ते फावडं ऐकू यायचं.

खिडकीतल्या खेडेकरबाईंनी चष्मा वर केला.
आटप गं, मागे रांग आहे.
मी लिहिलं, रसायनशास्त्र.
दुसरा पसंतीक्रम?
नाही.
नाही कसं, काहीतरी लिहावंच लागतं.
मग जोगळेकरांच्या बेडकाला स्मरून
तेही लिहून टाकलं.

संध्याकाळी फॅक्टरीत गेले.
बावा साचा उलटा करत होता,
लादी सुटली, धप्पकन घसरत गेली
आणि तिच्यातून वाफ निघाल्यासारखी थंडी निघाली.
काय लिवलंस?
रसायन.
म्हणजे माझंच काम! वर फी भरून?
तो हसला, हसता हसता खोकू लागला,
पाइपाला टेकून उभा राहिला.

फॅक्टरीला खिडकी नाही.
तरी खोकला थांबेस्तोवर
आम्ही दोघं समुद्र बघत राहिलो.