पोटातली वल

लातूरच्या मोंढ्यात, आडतीच्या ओट्यावर
माझ्याकडे मशीन आहे आणि मन्मथअप्पाकडे दाढ.
मशीनच्या वाटीत मूठभर तूर ओतायची,
झाकण फिरवायचं, आकडा येतो.
अप्पा एकच दाणा घेतो,
डाव्या दाढेखाली, कट्,
आणि डोळे मिटतो.

पौषातल्या एका सकाळी मशीन म्हणालं, नऊ पूर्णांक आठ.
अप्पा म्हणाला, "पोटात वल हाय."
कशावरून?
"वल हाय म्हनून."
मी बी.एस्सी. झालेली, नोकरीला चार महिने,
हे उत्तर फॉर्मवर कुठे भरायचं मला कळेना.
शेठनं माझ्याकडे बघितलं, मग अप्पाकडे,
मग घड्याळाकडे.

म्हणून वही केली.
एका रकान्यात मशीन, दुसऱ्यात अप्पा,
आणि प्रत्येक लॉटची एक डबी ओव्हनमध्ये.
रात्रभर सुकवायची. आधीचं वजन, नंतरचं वजन.
ओव्हन खोटं बोलत नाही,
पण सोळा तासांनी बोलतं,
तोवर माल वजन होऊन, कट्टे शिवून
ट्रकमधून जालन्याच्या पुढे गेलेला असतो.

बासष्ट लॉट झाले.
बेरीज करायच्या आधीच मला माहीत होतं
कोण हरायला हवंय.
त्यानं बेरीज बदलली नाही असं मी म्हणते.
दोनदा केली, दुसऱ्यांदा खालून वर.
मशीन पंचावन्न वेळा बरोबर. अप्पा एकावन्न.
मी स्वतःसाठी स्पेशल चहा सांगितला.

चहा येईपर्यंत चुकांवरून बोट फिरवत बसले.
मशीनच्या सातही चुका सकाळी नऊच्या आतल्या,
उघड्या टेम्पोत रात्रभर गारठलेली तूर.
थंड आणि कोरडं यातला फरक त्याला कळत नव्हता.
त्या सातही वेळी अप्पा बरोबर होता.

आणि अप्पाच्या अकरा चुकांतल्या आठ
एकाच गावच्या. नाव इथे लिहीत नाही.
त्या गावचा माल नऊदा आला,
नऊही वेळा त्याला ओला लागला.
चहा आला होता. साय धरली त्याच्यावर.

चार दिवस वही पिशवीतच राहिली.
मग एका दुपारी, हमाल जेवायला गेलेले असताना
त्याच्यापुढे उघडली. आकडे त्याला वाचता येतात.
बराच वेळ वाचत राहिला,
मग बोटानं चिकटलेलं टरफल काढलं दातातून.
"तिथं माझी बहीण दिली होती," म्हणाला.
'होती' म्हणाला.
पुढचं मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा
फाटकाकडे पाठ करून बसतो.
"गावाचं नाव सांगू नका, तहसीनबाई. आधी दाना द्या."
हात मागे करतो, मी तळव्यावर दाणा ठेवते.
कधी ड्रायव्हरच्या खोकल्यावरून ओळखतोच,
तेव्हा दाणा न फोडता परत देतो:
"ह्याचं आज माझं धरू नका."
आणि मी सकाळचा माल
उन्हात पसरून अर्धा तास थांबते.
शेठला वाटतं मोंढ्यात आमचीच आडत मंद झाली.

काल अप्पाला ताप होता. लाईट गेलेली,
मशीनची बॅटरी संपलेली, बाहेर तीन टेम्पो,
आणि शेठ विचारत होता, "बोला बाई, घ्यायचा का न्हाई?"
मी दाणा डाव्या दाढेखाली ठेवला.
डोळे मिटले.
कट्.

मला नुसती तूर लागली.

"थांबावं लागेल," म्हणाले.
कशावरून, त्यानं विचारलं.
वहीत लिहिण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.