पायाळू

मी पायाळू.
डोक्याआधी पाय आले माहे,
तेबी डावा आधी, असं दाई सांगे.
म्हणून गावात कोणाची कंबर धरली
का थो मानूस आमच्या आंगनात पालथा.

सकाळी, चूळ भराच्या आधी,
कोणासंग न बोलता
डाव्या पायाची टाच सातदा लावाची.
सात वर्साची होती तवापासून लावतो.
पोलीसपाटील झोपला माह्या पायाखाली,
कासाराची सून झोपली,
खांबावरून घसरलेला मोतीराम लाइनमन,
आन शाळेत "असं काही मानू नका" सांगनारे गुरुजी,
ते अंधारात आले,
चष्मा खिशात घालून.

उठून म्हणत, "मोकळं झालं वं गोकुळा."
झालं का नाई, मले कधी कळलं नाई.
पैसा घेतला नाई. कोणी वाळूक आणे,
कोणी हरभऱ्याची भाजी.

आता अंगणवाडीत बावीस वर्सं झाली.
खिचडीचा गंज उतरवाले वाकली
ते वाकलीच.
माकडहाडाच्या वर, उजव्या अंगाले,
रात्री कोणीतरी उलथनं तापवून ठेवते.
तिथून पोटरीत, मंग अंगठ्यात मुंग्या.
खाली बसाचं असलं
तर आधी भिंतीले इचारतो.

घरधनी म्हणते, बिब्बा घाल.
सासूच्या कंबरेवर बिब्ब्याचे काळे डाग होते,
सरणावर तिच्यासंगच गेले,
दुखनं त्यायच्या आधी गेलं असं कोणी म्हटलं नाई.
पोरगा फोनवर म्हणते, सेवाग्रामले दाखव.

दाखवलं.
त्या भोंग्यात अर्धा तास ठोकठोक, ठोकठोक,
मले वाटे आतून कोणी दार वाजवून राह्यलं.
डॉक्टरनं फोटो उजेडाले धरला.
"ही गादी सरकली, नस दाबतेय.
ऑपरेशन केलं तर पायाच्या मुंग्या जातील बहुतेक.
कंबरेचं मात्र सांगता येत नाही.
सुई आहे, काही महिने बरं वाटतं.
व्यायाम आहे. पण रोज.
आणि वजन उचलू नका."
मी म्हटलं, गंज कोण उचलन?
थो हसला, वाईट नोता.

इमलाबाईनं ऑपरेशन केलं, थे आता धुऱ्यावरून उडी मारते.
तिच्याच जावेनं केलं,
थे खाटीवरून इमलाबाईच्या उड्या पाह्यते.
कागद घरी आनला.
तिखटाच्या डब्याखाली ठेवला, सहीचा.

मंग वाटलं, सगळ्यायले पाय लावला,
मले कोण लावन?
दुसरा पायाळू शोधला.
नदीपल्याड होता एक, थो पुण्याले गेला.
नर्सबाई म्हणे, "आता कुठं सापडतील, मावशी?
पोटात बाळ उलटं दिसलं
का सरळ सिझर करतात."
म्हंजे आम्ही संपत आलो.
चांगलंच झालं म्हना.
माय माही दोन दिवस अडली होती,
मी आत उभीच्या उभी.
तिची कंबर मग मरेपर्यंत दुखली,
आन साऱ्या गावाले पाय लावनाऱ्या लेकीले
तिनं कधी "मले लाव" म्हटलं नाई.
लेकीचा पाय मायले लागू नये म्हणून,
का अजून काई,
इचाराचं राह्यलं.

व्यायाम शिकवनारी पोरगी आर्वीची, बारकीशी.
मले पालथं झोपवलं, कंबरेवर तळवा ठेवला.
"कोपरावर या. पोट जमिनीला. श्वास सोडा."
मी म्हटलं, सातदा?
"दहादा. सकाळ-संध्याकाळ."
बोलाचं का?
थे म्हणे, "बोला की, त्यानं काय होते?"

दीड महिना झाला.
उलथनं आहेच, पण कधी कधी कोमट असते.
कागदबी आहेच.
डबा घासतो तवा उचलतो, पाह्यतो, ठेवतो.

आज सकाळी आंगनात सतरंजीवर पालथी होती
तं फाटकात मोतीराम,
दोन्ही हात कंबरेवर, तोंड वाकडं.
"गोकुळाबाई, पाय लाव वं."
मी मान वर केली.
म्हटलं, थांब, सहा झाले,
चार राह्यले.